आर्गपार्सचे डिफॉल्ट आता बदलावेत का?

धागाकर्ता:
कमांडसोबत लिहिलेले ऑप्शन वाचणारं आर्गपार्स पायथन २.७ आणि ३.२ पासून भाषेसोबतच येतं, त्यामुळे बहुतेक लोक डिफॉल्ट आहे तसेच ठेवतात. माझा मोठा आक्षेप अलाव_अ‍ॅब्रेव्ह या पर्यायाला आहे, तो आधीपासूनच ट्रू (चालू) असतो, म्हणजे ऑप्शनचं नाव अर्धवट लिहिलं तरी चालून जातं. समजा टूलमध्ये --फोर्स आणि --फोर्स-डिलीट दोन्ही होते आणि नवीन व्हर्जनमध्ये --फोर्स काढून टाकला, तर ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी जुनी क्रॉन स्क्रिप्ट --फोर्स पाठवत राहते आणि एरर यायच्या ऐवजी सरळ --फोर्स-डिलीट चालू होतो. एक अक्षर दाखवत नाही स्क्रीनवर! हे डिफॉल्टच चुकीचं आहे.

प्रतिसाद १:
सहमत नाही. पायथन ३.५ पासून तो फॉल्स (बंद) करता येतो, एका ओळीचं काम आहे. आता डिफॉल्ट फिरवला तर वर्षानुवर्षं चालणाऱ्या किती स्क्रिप्ट एका अपग्रेडमध्ये बंद पडतील याचा विचार करा. आणि ३.८ च्या आधी तो फॉल्स केला की -vv सारखे जोडलेले छोटे फ्लॅगही (एकअक्षरी ऑप्शन) चालायचे नाहीत, म्हणून लोक त्याच्या वाटेला गेले नाहीत.

प्रतिसाद २:
स्क्रिप्ट बंद पडली तर निदान कळतं तरी, डेटा उडाला तर काय करणार? पण मला एरर मेसेजचं जास्त वाटतं. सबकमांडचं (टूलच्या आतल्या कमांडचं) स्पेलिंग चुकलं की चॉइसेसची (चालणाऱ्या नावांची) अख्खी यादी तोंडावर येते, त्यातलं जवळचं कुठलं ते आपण शोधायचं. कोडचे बदल सांभाळणारं गिट कधीपासून जवळची कमांड सुचवतं. ३.१४ मध्ये अशी सूचना देणारा सजेस्ट_ऑन_एरर आला पण त्या व्हर्जनमध्ये तोही फॉल्स ठेवला, आणि ऑप्शनच्या नावाला तो लागूच नाही.

प्रतिसाद १:
मेसेजचा मजकूर बदलला की तो ग्रेप करणाऱ्या (शोधून तपासणाऱ्या) टेस्ट फुटतात.

धागाकर्ता:
मजकूर माणसासाठी असतो हो, स्क्रिप्टसाठी एक्झिट कोड २ (चुकीच्या वापरावर प्रोग्राम बंद होताना देतो तो आकडा) आहे आणि तो कोणी बदला म्हणत नाहीये. अ‍ॅब्रेव्हसाठी आधी एक-दोन व्हर्जन वॉर्निंग द्या, मग फॉल्स करा.

प्रतिसाद ३:
टाइप=बूलचा (ऑप्शनची किंमत ट्रू/फॉल्समध्ये बदलायला सांगण्याचा) विषय कोणीच काढला नाही? --कॅशे False लिहिलं तरी ट्रूच मिळतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रू. हो/नाही ऑप्शनसाठी बूलियनऑप्शनलअ‍ॅक्शन ३.९ पासून आहे, पण टाइप=बूल दिल्यावर पार्सर काहीच बोलत नाही. इथे तरी पार्सर बनवतानाच एरर द्यायला कोणाची हरकत आहे?

प्रतिसाद १:
याला माझी हरकत नाही. ती स्क्रिप्ट आधीपासूनच चुकीची चालतेय.