प्रोटीनच्या 'एक्सप्रेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

पर्णिका: एका लेखाचं भाषांतर करतेय, 'जॅस्मोनेट या हार्मोनमुळे पुंकेसरातल्या प्रोटीन्सचं एक्सप्रेशन बदलतं आणि फुलाची फर्टिलिटी त्यावर ठरते' इथे अडलेय. कोशात 'अभिव्यक्ती' आहे पण ती कवितेची वाटते, आणि सुपीकता तर जमिनीची. काय लिहू?

केसरदल: सरळ 'निर्मिती' लिही, सगळ्यांना कळतं.

बीजांड: निर्मितीने अर्थ निसटतो हो. जॅस्मोनेट आलं की आधी जाझ नावाची प्रोटीन्स मोडली जातात, एरवी ती मिब-21 आणि मिब-24 या जनुकं चालू करणाऱ्या प्रोटीन्सना दाबून धरतात, ती गेली की हे दोघे मोकळे होतात आणि पुंकेसर वाढवणारी जनुकं चालू होतात. म्हणजे एक मोडतं तेव्हा दुसरं बनतं. मी जनुकांसाठी 'प्रकटन' लिहीन आणि प्रोटीनसाठी चक्क 'प्रमाण'.

कोंब: फर्टिलिटी म्हणजे फलनक्षमता. फक्त 'वांझ फूल' लिहू नकोस. जॅस्मोनेट न बनवणाऱ्या अरबिडॉप्सिसचं, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाचं, फूल मी भिंगाखाली पाहिलंय, पुंकेसरांचे तंतू खुजे, कुक्षी (स्त्रीकेसराचं पराग झेलणारं टोक) त्यांच्या वर आलेली आणि परागकोश मिटलेले ते मिटलेलेच. पण स्त्रीकेसर धडधाकट, दुसऱ्या रोपाचे पराग लावले की शेंग भरते. याला नरवंध्यच म्हणायला हवं.

केसरदल: नरवंध्य पुस्तकी आहे, बोलताना माणसं वांझच म्हणतात. आणि टोमॅटोत उलटं आहे, जॅस्मोनेट ओळखणारं प्रोटीन बिघडलं तर तिथे मादीची बाजू अडते, मग?

रानवेल: मुळात हार्मोन तरी कशाला? ग्रीक धातूचा अर्थ चालना देणं, आपला 'संप्रेरक' नेमका तोच. शेतकरी तर संजीवक म्हणतात, किती सुंदर शब्द!

बीजांड: सुंदर आहेच, पण संजीवक आपण बाहेरून फवारतो, संप्रेरक झाड स्वतः बनवतं. काकडीवर इथेफॉन हे रसायन फवारलं की त्यातून इथिलीन सुटतं, जे वेलीतही संप्रेरक म्हणून असतं, आणि बुडाशी इवलीशी काकडी असलेली मादी फुलं वाढतात. फवारलं ते संजीवक, वेलीत मुळात असतं ते संप्रेरक. हा फरक पुसू नका.

रानवेल: बरं, जॅस्मोनेटमध्ये जाई लपलीय हे कुणी बोललंच नाही. 1962 मध्ये जाईच्याच तेलात मिथाइल जॅस्मोनेट सापडलं, मग जॅस्मोनिक आम्लाला 'जाईक आम्ल' का म्हणू नये?

कोंब: ती चमेली, जाई नव्हे. आमच्याकडे दोन्ही वेगळ्या.

रानवेल: आमच्याकडे त्याच फुलाला जाई म्हणतात.

पर्णिका: अहो, परागकोश 'फुटतो' की 'उकलतो' हेही विचारायचं होतं.

केसरदल: उकलतो. बोंड उकलतं तसा.