रिसेप्टरच घटले, तर आबांना गोळी द्यायची कशाला?

केळीबाग_यावल: आबांना अल्झायमर होऊन सहा वर्षं झाली. कांदेबागेतला केळीचा घड नुसता बघून वजन सांगणारा माणूस, परवा मलाच म्हणाला, "तू कोन शे रे भाऊ?" डोनेपेझिलची गोळी चालू आहे. या आजारात ॲसिटिलकोलीन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि त्याचा निरोप झेलणारे निकोटिनिक रिसेप्टरही कमी होतात. गोळी फक्त उरलेलं ॲसिटिलकोलीन मोडू देत नाही. झेलणारेच गेले, तर ते राखून काय करायचं? भूकही मेलीय, भरीत-भाकरीचं ताट सरकवून देतात. माझं मत स्पष्ट आहे, गोळी बंद करावी.

औषधवाला_धुळे: दादा, सगळेच रिसेप्टर जात नाहीत. ॲसिटिलकोलीनचा निरोप झेलणारा मस्करिनिक हा दुसरा गट आहे, त्यातले एम१ रिसेप्टर बऱ्याच अंशी टिकतात. पाटाचं पाणी आटलंय, वाफा शाबूत आहे. म्हणूनच आहे ते पाणी जपायचं. २०१२ साली ब्रिटनमधल्या २९५ रुग्णांचा अभ्यास आला, आजार मध्यम ते तीव्र. ज्यांची डोनेपेझिल चालू ठेवली त्यांची स्मरणशक्ती आणि रोजची कामं, बंद केलेल्यांपेक्षा बरी राहिली. फरक थोडा, पण होता.

चोपड्याची_सून: थोडा फरक कागदावर. निस्तरावं आम्हाला लागतं. याच गोळीवर सासूबाईंची नाडी ४६ वर आली, मोरीत पडल्या. डॉक्टरांनी गोळी बंद केली, आठवड्यात अर्धी भाकरी खायला लागल्या. मला ती अर्धी भाकरी मोठी वाटते.

औषधवाला_धुळे: ताई, नाडी उतरली तर डॉक्टर बंद करणारच, त्यात वाद नाही. माझा विरोध घरच्या घरी बंद करण्याला आहे. दादा, आबांना आणखी काय देता? सर्दी-ॲलर्जीच्या क्लोरफेनिरामाइनसारख्या गोळ्या मस्करिनिक रिसेप्टरच अडवतात. धोत्रा पोटात गेला की माणूस बरळतो, तो याच रिसेप्टरमुळे.

केळीबाग_यावल: पाकीट काढून बघितलं. क्लोरफेनिरामाइनच. रात्री झोपत नाहीत म्हणून दोन महिने मीच देतोय. हे कुणीच विचारलं नव्हतं.

चोपड्याची_सून: मग आधी त्याबद्दल विचारा. तरी नाडी आणि वजन मोजून न्याच. भूक मेलेल्या माणसाला गोळी रेटू नका, हे माझं म्हणणं कायम.

केळीबाग_यावल: उद्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून जळगावला नेतो. डोनेपेझिलबद्दल मत अजून बदललेलं नाही, पण तोवर बंद करत नाही.