केंद्रावरची बसायची जागा

कोकणातल्या संशोधन केंद्रांवर माणसं कुठे जमतात, ती जागा कशाने टिकते आणि कशाने मोडते, हे तिथल्याच जाणत्यांनी लिहिलेलं. नव्याने रुजू होणाऱ्यांना उपयोगी पडेल इतकं नेमकं.

भाट्ये, नारळ संशोधन केंद्र
नारळाखाली बाक टाकू नका. नारळ वेळेवर उतरवले तरी वाळलेली झावळी कधी सुटेल याचा नेम नाही, आणि ती असते चार-पाच मीटर लांब. बुंध्यापासून तेवढं अंतर सोडा. जांभ्याच्या चिऱ्यांचे दोन थर आणि वर फळी, एवढं पुरतं. जांभ्यावर श्रावणापर्यंत शेवाळ धरतं, काथ्याने घासून काढावं लागतं. पावसाची झड नैऋत्येकडून येते, म्हणून चार महिने पूर्वेची पडवीच बरी.

रत्नागिरी, मासळी संशोधन केंद्र
आमच्याकडे चहाची वेळ समुद्र ठरवतो. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी ९ला असलेली ओहोटी आठवड्याने दुपारी ३च्या सुमाराला येते. भरती-ओहोटी लिहायच्या फळ्यावरच खाली चहाची वेळ लिहा, म्हणजे खाडीवरून चिखलाच्या पायांनी येणारे कामगार आणि होडीवाले सुटत नाहीत. जाळं कुठे फाटतं, कालवं कुठे कमी झाली, हे तेच आधी सांगतात. दूध मात्र नमुन्यांच्या फ्रिजमध्ये कधीच नको. एप्रन बाहेरच्या खुंटीला, फॉर्मलिनचे (नमुने टिकवायच्या विषारी रसायनाचे) हात साबणाने धुऊन मगच कप.

अलिबाग
मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून भूचुंबकीय नोंदी (पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं) १९०४ साली कुलाब्याहून अलिबागला आल्या. वेधशाळेत यंत्रांजवळ लोखंड आजही वर्ज्य. मोटारसायकल जवळ आणून लावली तरी नोंदीच्या रेषेत पायरीसारखी उडी उमटते. त्यामुळे गप्पांची जागा यंत्रांपासून लांब, कचेरीच्या बाजूला.

भात पैदास
भाताचं फूल साधारण ९ ते ११:३० उमलतं, परागीकरण तेव्हाच. त्या दिवसांत १०चा चहा ठेवला की एक तर चहा गार होतो नाहीतर संकर (दोन वाणांचं हाताने केलेलं मीलन) फसतो. साडेआठला उरकून घ्या.

चहाबद्दल, दहा जणांसाठी
पाणी ७०० मिली, दूध ५०० मिली, पूड ८ चमचे, साखर वेगळी. आलं ठेचून पाण्यातच तीन-चार मिनिटं उकळा, मग पूड, शेवटी दूध. कच्चं आलं दुधात पडलं तर दूध फाटतं. प्रयोगशाळेचं बीकर किंवा हॉट प्लेट चहाला वापरू नका, धुतलेलं असलं तरी. पावसाळ्यात साखर ओलावते, घट्ट झाकणाची बरणी लागते. उन्हाळ्यात आगळाचं (कोकमाच्या खारवलेल्या रसाचं) सरबत, एका वाटीला पाच वाट्या पाणी. आगळात मीठ आधीच असतं, वरून घालू नका.

वर्गणी
सगळ्यांना सारखी लावली की पहिल्यांदा फेलोशिपवाली पोरं यायची बंद होतात, कारण त्यांचे पैसे दोन-तीन महिने अडकतात. पगारानुसार लावा, वही उघडी ठेवा, उधारीची नावं भिंतीवर लिहू नका. रोजंदारीवरच्या बायकांकडून घेऊच नये. कलमांना पाणी कधी कमी पडलं ते त्यांना तोंडपाठ असतं, आणि त्या बाकावर बसल्या तरच ते कळतं.