बदकांना पोळी घालू नका : तुमच्या गावचे नियम, तुमचे अनुभव

तळ्याकाठी 'पक्ष्यांना खायला घालू नये' अशी पाटी आणि तिच्याखालीच पिशवीतून शिळी पोळी काढणारे आपले आईबाबा. परदेशात राहणाऱ्या बहुतेकांना हे ओळखीचं असेल. तुमच्याकडे नियम काय आहे? कुणी हटकतं का? घरच्यांना कसं समजावलंत? बदकं, हंस, कुरव (सीगल), कबुतरं, काहीही चालेल. भूतदयेवर प्रवचन मात्र नको.

टोरांटो
बागांमधली बंदी जुनीच. १ एप्रिल २०२३ पासून स्वतःच्या अंगणातही वन्य प्राण्यांना खायला घालायला मनाई आहे (दाण्याचे फीडर चालतात, अटींसह). सासूबाई उन्हाळ्यात येतात. "अगं, मुक्या जीवाला घास घालायला कसली परवानगी?" कायदा, दंड, कशानंही त्या हलल्या नाहीत. मग तळ्यावर एक कॅनडा गूज (इथला रानटी कलहंस) दिसला. पंखाचं टोक बाहेरच्या बाजूला वळलेलं, उडता येत नव्हतं. याला 'एंजल विंग' म्हणतात. पिल्लाच्या वाढीच्या वयात पाव वगैरे फार मिळालं की पंखाचा सांधा नीट बसत नाही असं मानलं जातं, आणि मोठेपणी तो सुधारत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग हा थंडीत दक्षिणेला जाणार कसा?" तसे इथले बरेच गूज कुठे जातच नाहीत, कापलेली हिरवळ आणि आयतं खाणं सोडून कोण जाईल! पण पोळ्या थांबल्या. पाटीवरचा राग अजून आहे.

सिंगापूर
जून २०२० पासून वन्य पक्ष्यांनाही खाऊ घालणं गुन्हा. पहिल्याच वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड. समजवावं लागलंच नाही. बाबांनी रुपयांत हिशेब केला आणि पिशवीची घडी घातली.

इंग्लंड, कालव्याकाठून
देशभर लागू अशी बंदी नाही, जिथली तिथली काउन्सिल ठरवते. कालव्यांची देखभाल करणारी कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांगते की पाव नको, ओट्स, मटार, मका द्या, तेही थोडंच. उरलेलं खाणं पाण्यात कुजतं, शेवाळ माजतं, उंदीर येतात. गंमत म्हणजे पाव थांबल्यानं हंस उपाशी राहतात अशी ओरड झाली, तेव्हा राणीच्या हंसांची गणती करणाऱ्या अधिकाऱ्यानंच पाव द्यायला हरकत नाही म्हटलं. आमच्या घरी तेवढंच वाक्य पाठ आहे. मला मटारचा मधला मार्ग पटतो.

गेटवे–मांडवा लाँच
हिवाळ्यात कुरव लाँचमागे येतात आणि लोक वेफर्स उडवतात, रील हवी ना! एकाला टोकलं तर म्हणे, "तुमच्या बापाचे पक्षी आहेत का?"

दादर
तुमची बदकं निदान तळ्यात असतात. जुलै २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करायचं ठरलं, आमच्या इथे ताडपत्री लागली, ऑगस्टमध्ये जमावानं ती फाडली, मग पोलीस बंदोबस्त. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसं कायमची बिघडू शकतात. आईचा खोकला वर्षभर जात नाहीये, त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही. चौकातला दाणा बंद झाल्यापासून आमच्या वरच्या मजल्यावरचे काका गच्चीत ज्वारी टाकतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, गच्ची सार्वजनिक जागा नाही. सोसायटीची सभा रविवारी आहे. विषय क्रमांक चार, पाण्याच्या टाकीनंतर.