बांधावरच्या फासक्या: ट्रॅप कॅमेरा कसा लावावा, फोटो कोर्टात टिकतो का?

प्रश्न (जांबोटी पट्टा)
भीमगड अभयारण्याला लागून आमच्या वाडीतल्या लोकांची मालकी काजूची रानं आहेत. बांधाच्या खिंडारात दुचाकीच्या क्लच वायरच्या फासक्या सापडतात. भेकर, पिसोरी, रानडुक्कर त्यात अडकतात. खवले मांजराचीही काळजी वाटते. वर्गणी काढून तीन ट्रॅप कॅमेरे (समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे) घ्यायचे आहेत. फोटो मोबाइलवर पाठवणारे सिमवाले घ्यावेत की साधे? पावसात टिकतील का? फोटो मिळाला तर पुढं काय करायचं?

उत्तर १
कॅमेऱ्याचं तोंड फासकीकडं नको, तिकडं जाणाऱ्या पायवाटेकडं ठेवा. लावणारा फासकी बघायला परत येतोच. जनावरांसाठी बांधतात तसा गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधला तर नुसते पाय दिसतात, आणि कॅमेराही चोरीला जातो. माणसासाठी अडीच ते तीन मीटर उंच बांधा, तोंड खाली कललेलं, वाटेशी ४५ अंशांत.

रात्रीचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) फ्लॅश ९४० नॅनोमीटरचाच घ्या. ८५० चा असेल तर अंधारात लाल ठिपके चमकतात आणि माणूस सावध होतो. ९४० चा पल्ला कमी पडतो, म्हणून वाट सहा-सात मीटरच्या आत हवी.

सेन्सर उष्णतेतला फरक हेरतो. एप्रिल-मेच्या दुपारी जमीन अंगाएवढीच तापते, तेव्हा माणूस समोरून गेला तरी फोटो निघेलच असं नाही. उलट ऊन लागलेलं गवत वाऱ्यानं हललं की कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. समोरचं गवत कोयत्यानं साफ करा, तोंड शक्यतो उत्तरेला ठेवा.

सिमचं म्हणाल तर आधी त्याच झाडाखाली, त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये घालून रेंज बघा. रेंज येते-जाते अशी असेल तर कॅमेरा टॉवर शोधत बसतो आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या बॅटऱ्या काही आठवड्यांत संपतात. दरीत साधाच बरा. दिवसाचे फोटो स्वच्छ आणि रात्रीचे काळे येऊ लागले की बॅटरी उतरली समजा, कारण फ्लॅश आधी मरतो.

कणकुंबीच्या पावसात पाणी शिरतं ते बहुतेक झाकणाच्या रबरावर माती नाहीतर मुंग्या बसल्यामुळं. दर वेळी रबर पुसा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा.

एक महत्त्वाचं: हे सगळं मालकी रानात. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय कॅमेरा बांधू नका.

उत्तर २
केस कमकुवत होते ती बऱ्याचदा घड्याळामुळं. काही कॅमेऱ्यांत बॅटरी बदलली की तारीख मूळपदावर जाते. दर वेळी फोनच्या पडद्यावरची तारीख-वेळ कॅमेऱ्यासमोर धरून एक फोटो निघू द्या, म्हणजे फरक किती तो पुढं दाखवता येतो.

फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की आकार दाबला जातो आणि आतली माहिती (तारीख-वेळ वगैरे) गळते. कार्डाची बारीक खिट्टी ‘लॉक’वर सरकवा, ते पंचनाम्यात सीलबंद करून द्या. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब ऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक कॅमेरा ज्याच्या ताब्यात होता त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. फाइलचं हॅश मूल्यही (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) त्यात लिहावं लागतं. आणि गावच्या ग्रुपवर संशयिताचा चेहरा टाकू नका. तो पसार होतो आणि ओळख पटवण्याला अर्थ उरत नाही.

प्रश्नकर्ता
फासकी दिसली की लगेच काढावी का? मेटल डिटेक्टरचा उपयोग होतो का?

उत्तर ३
आधी लांबून एक आणि जवळून एक फोटो, लोकेशन चालू ठेवून. मग वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा फॉरेस्ट गार्डला फोन. गार्ड यायला वेळ असेल तर फास ओढून बंद करा, म्हणजे तोवर काही अडकत नाही. तार मात्र खुंट्यावरून सोडू नका. जनावर जिवंत अडकलेलं असेल तर जवळ जाऊ नका. धडपडीत तार आणखी रुतते.

डिटेक्टर चालतो, पण आपल्याकडं जांभा. त्यातल्या लोहामुळं तो सारखा वाजत राहतो. प्रत्येक नव्या जागी ‘ग्राउंड बॅलन्स’ करा (म्हणजे तिथल्या जमिनीनुसार डिटेक्टर जुळवून घ्या) आणि संवेदनशीलता एकेक पायरी उतरवा. फासकी जमिनीच्या वर असते, त्यामुळं पाच-पाच मीटरवर रांगेनं चालून खुंटे बघणं जास्त कामाला येतं. डिटेक्टर पुरलेल्या दातेरी सापळ्यासाठी ठेवा.

तार सरळ लांबवर खुंट्या-खुंट्यांवर ताणलेली दिसली, तर ती फासकी नसून विजेच्या लाइनवर आकडा टाकलेली असू शकते. तिथं डिटेक्टर, काठी, हात काहीच लावू नका. आधी वीज कंपनीकडून फीडर (त्या भागाला वीज देणारी लाइन) बंद करून घ्या, मगच जवळ जा.