मदत हवी आहे: पुठ्ठ्याला चिकटलेला भरतकामाचा रुमाल कसा सोडवावा?

आणीबाणीत ‘मिसा’ कायद्याखाली विनाचौकशी स्थानबद्ध असताना, १९७६ साली, माझ्या आत्याने येरवड्याच्या कारागृहात मांजरपाटाच्या तुकड्यावर सोबतच्या अकरा जणींच्या सह्या साखळी टाक्याने भरल्या होत्या. आमच्या घरात त्या दिवसांची एवढीच एक वस्तू उरली आहे.

पुढे तसबीर करून देणाऱ्याने हा रुमाल डिंकासारख्या कशाने तरी पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवला. आता पुठ्ठा तपकिरी पडला असून तो डाग कापडात उतरू लागला आहे. काच काढून मी रुमाल सपाट, अंधाऱ्या खणात ठेवला आहे. ओल्या कापसाने कडेचा एक टाका टिपून पाहिला, तर लाल दोऱ्याचा रंग लगेच कापसाला लागला. हिरवा पक्का निघाला. शिवाय दोऱ्यांखाली मूळ सह्यांच्या जांभळट पेन्सिलीच्या रेघा दिसतात, आणि त्या पाण्याने पसरतील अशी मला धास्ती वाटते. म्हणून धुणे, वाफ देणे किंवा ड्राय-क्लीनिंग यांपैकी काहीही मी केलेले नाही.

डाग राहिले तरी चालतील, पण एकही सही पुसली जाता कामा नये, आणि आत्या ८१ वर्षांची असल्याने रुमाल फार काळ घराबाहेर ठेवायचा नाही. पुठ्ठाच मागून थराथराने कोरडा सोलत आणला, तर कापडाला ताण न बसता तो सुटेल का, की शेवटच्या थरासाठी वस्त्रसंवर्धकाकडेच जावे लागेल, आणि असे काम केलेले कोणी महाराष्ट्रात आपल्या माहितीत आहे का?