नाशिकच्या सातपूरमधल्या घरांनी मिळून पेठ-हरसूलच्या डोंगराकडचं धान्य थेट घ्यायचं ठरवलं, तर सुरुवात कुठून करावी?

अशोकनगरची ताई, सातपूर

नमस्कार मंडळी. आमचा महिला बचत गट आहे. गटातल्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहे. पगार झाला की किराणा भरायचा आणि वीस-बावीस तारखेनंतर दुकानदाराच्या वहीत नाव. कंपनीने ब्रेक दिला की सगळ्यात आधी डाळ आणि भाजीला कात्री लागते. पोरांच्या डब्यात नुसती चपाती आणि चटणी दिसायला लागली की समजायचं, या घरात काम थांबलंय.

रेशनचा आधार आहेच. अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीत असलेल्यांना माणशी ५ किलो, अंत्योदयवाल्यांना कुटुंबामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळतं. पण आमच्यातल्या बऱ्याच जणींची कार्डं केशरी आहेत आणि नाव त्या यादीत नाही. ज्यांना मिळतं त्यांचाही महिना गहू-तांदळावर भागत नाही.

हे डोक्यात घोळत असताना पेठ नाक्यावर मजुरीला येणाऱ्या बायांशी बोलणं झालं. त्यांच्या स्वतःच्या शेतात नागली (नाचणी) पिकते, भात पिकतो, उडीद होतो. दिवाळीच्या सुमाराला हातात पैसा नसतो म्हणून व्यापारी देईल त्या भावाने माल जातो. आषाढात घरातलं संपतं आणि तेच धान्य चढ्या भावाने विकत घ्यावं लागतं. एक जण म्हणाली, "ताई, आम्ही पिकवतो आणि आम्हीच पुडीतलं पीठ घेतो." ते ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. आमची अडचण महिनाअखेरची, त्यांची आषाढातली. दोन्ही घरं एकमेकांच्या कामी येऊ शकतात असं मला मनापासून वाटतं.

पंचवीस-तीस घरं तयार आहेत. पण पैसे आधी गोळा करायचे की माल आल्यावर? साठवायचं कुठे? ज्यांच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्यांना बाजूला ठेवून हे सुरू करायची माझी इच्छा नाही. कुणी असं काही चालवलं असेल तर बारीकसारीक सांगा, मोठं भाषण नको.

डोंगराकडचा, पेठ तालुका

ताई, तुमचा विचार पटला. सावळघाट चढून वर आलात की आमचाच मुलूख, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

पहिली गोष्ट, सगळं उचलून नेऊ नका. नागलीला शहरात मागणी आली तेव्हापासून गाड्या पाड्यापर्यंत येतात. रोख पैसा दिसला की माणूस कणगी रिकामी करतो आणि पोरं मग पावसाळ्यात रेशनच्या तांदळावर राहतात. म्हणून ज्याच्याकडून घ्याल त्याच्या घरी आधी बसा. घरात खाणारी माणसं किती, पुढच्या पेऱ्याला बी किती, हे बाजूला काढून जे उरेल तेवढंच घ्या. एका घराकडून दोन पोती घेण्यापेक्षा चार घरांकडून अर्धं-अर्धं घेतलेलं बरं.

दुसरं, भाव आणि पैसा. २०२५-२६ साठी केंद्राने नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर केला होता. त्याच्या खाली बोलू नका, आणि पैसे खळ्यावरच मोजून द्या. दिवाळीला माणूस कमी भावात का देतो? दुकानाची उधारी, पोरांचे कपडे, आणि बागेच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जायची घाई. त्या आठवड्यात ज्याच्या हातात रोकड असते त्याचा भाव चालतो. तुमची रोकड त्या आठवड्यात आली तरच उपयोग. महिन्याने देतो म्हणालात तर व्यापारीच बरा, तो निदान घरी येतो.

तिसरं, माल बघून घ्या. नागली दाताखाली धरा. कट्‌ आवाज करून फुटली तर वाळलेली, चेपली तर अजून उन्हात पाहिजे. मूठभर दाणे काळ्या फडक्यावर पसरा, माती आणि खडा लगेच दिसतो. शेणामातीने सारवलेल्या खळ्यावर झोडलेल्या मालात खडा येणारच, त्यात कुणाची लबाडी नसते. कणसं ताडपत्रीवर झोडा असं आधी सांगून ठेवलंत, आणि जमलं तर दोन ताडपत्र्या गटाच्या पैशातून दिल्यात, तर निम्मं निवडणं वाचेल. नीट वाळलेली नागली वर्षानुवर्षं टिकते, दाणा इतका बारीक की किडा फारसा लागत नाही.

तांदळाचं मात्र तसं नाही. वर्षाचा तांदूळ एकदम भरडून नेलात तर पावसाळ्यात सोंडे होतील. भात तसंच सालासकट आमच्याकडे राहू द्या आणि लागेल तसं भरडून न्या. एका क्विंटल भातातून साधारण ६० ते ६५ किलो तांदूळ पडतो, हिशेब त्यावर धरा. कोंडा आमच्या जनावरांना होतो, तोही भावात बोलून घ्या.

आमच्याकडे धान्य बँक हा शब्द नवा नाही. १९९६-९७ पासून केंद्राच्या योजनेतून आदिवासी गावांत धान्य बँका काढल्या गेल्या. त्याच्याही आधीपासून सावकाराकडून सवाईने धान्य घेणं होतंच, एक पायली नेली की सव्वा परत करायची. लोकांना ही रीत माहीत आहे, फक्त सावकार नको आहे. तुमच्या खरेदीतला थोडा पैसा पाड्याच्या कोठीत धान्यरूपाने राहिला, आणि आषाढात गरजूंना बिनव्याजी मिळाला, तर माणसं तुमच्यासाठी चांगला माल राखून ठेवतील.

निवृत्त हिशेबनीस, पंचवटी

सहकारी संस्थांच्या वह्या लिहिण्यात माझी नोकरी गेली. त्यावरून थोडं सांगतो.

संस्था नोंदवायची घाई करू नका. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, ते तुमच्याकडे आहेतच. पण त्याच्या मागोमाग लेखापरीक्षण, वार्षिक सभा, निवडणूक असं सगळं येतं. एक हंगाम बचत गटाच्या खात्यावरच काढा. त्याचं पान मात्र वेगळं ठेवा, अंतर्गत कर्जाच्या हिशेबात हे मिसळू देऊ नका.

पैसे आधीच गोळा करा, पण हप्त्याने. आजपासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला घरटी जमेल तेवढी रक्कम, सगळ्यांसमोर, वहीत सही घेऊन. खरेदीला दोघी जा, एकीने माल बघायचा, दुसरीने पैसे मोजायचे. जिने पैसे दिले तिनेच वही लिहायची नाही. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. चांगल्या माणसावरही कुणाला बोट ठेवता येऊ नये, म्हणून ही पद्धत.

भाडं, हमाली, पोतं आणि वजनातली घट यांचा खर्च किलोमागे काढा आणि ठळक अक्षरात भिंतीवर लावा. चाळल्यावर, निवडल्यावर थोडा माल कमी भरतोच. तो आधी धरला नाही तर शेवटच्या चार घरांना कमी पडतं, आणि भांडण तिथून सुरू होतं.

आता ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्याबद्दल. त्यांची वेगळी यादी करू नका. सगळ्यांनी किलोमागे एक-दोन रुपये जास्त द्यायचे आणि त्या रकमेचं धान्य बाजूला ठेवायचं. ते कुणाच्या घरी गेलं हे फक्त दोघींना माहीत असावं. पिशवी सगळ्यांची सारखी, वाटपाचा दिवसही तोच. मदत घेणारीला मान खाली घालावी लागली तर ती दुसऱ्यांदा येणार नाही, आणि घरात मात्र पोरं उपाशी राहतील.

अंगणवाडीची बाई

हिशेबनीस काकांशी पूर्ण सहमत. माझी एकच भर. नागली आली की ती लहान मुलांच्या आणि बाळंतिणींच्या तोंडी जाईल असं बघा. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण शहरातल्या पोरांना काळी भाकरी आवडत नाही. आंबील करून द्या, नाहीतर गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा मिसळा, कुरकुर होत नाही.

आणि पेठ नाक्यावरच्या बायांना सांगा, गावाकडचं रेशन त्यांना नाशिकच्या दुकानातही घेता येतं. कार्ड आधारशी जोडलेलं हवं, अंगठा लागला पाहिजे. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ वर तक्रार करता येते. कितीतरी जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं, मजुरीच्या सगळ्या महिन्यांचं धान्य तसंच सुटतं.

गिरणारेकर

धान्य कराच, पण भाजी का सोडता? आमच्याकडे टोमॅटोचा भाव पडला की तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही, माल बांधावर टाकावा लागतो. गिरणारे ते सातपूर अंतर असं कितीसं! २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झालाय, थेट विकायला आडकाठी नाही. आठवड्यातून एकदा पिकअप तुमच्या चौकात उभी राहू शकते.

डोंगराकडचा, पेठ तालुका

गिरणारेकर दादा, भाजी हवीच, पण पहिल्या हंगामात नको असं माझं मत. भाजी संध्याकाळपर्यंत खपली नाही तर नुकसान कुणाचं, यावर गट फुटतात. नागलीला घाई नसते. माणसं एकदा एकत्र पैसे जमवायला आणि वाटून घ्यायला सरावली की भाजी आपोआप मागे येईल.

अशोकनगरची ताई, सातपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गटाच्या बैठकीत हे मोठ्याने वाचून दाखवलं. "सगळं उचलून नेऊ नका" हे ऐकून सगळ्या गप्प झाल्या. आम्ही फक्त स्वस्त कसं मिळेल एवढाच हिशेब मांडत होतो, पलीकडच्या घराला आषाढात किती लागतं हे आमच्या कागदावर नव्हतंच. आता ते पहिल्या ओळीत लिहिलंय.

ठरलं ते असं. या वर्षी फक्त नागली आणि उडीद. तांदूळ पुढच्या वर्षी, भात तुमच्याकडे ठेवायची सोय बघितल्यावर. या रविवारपासून आठवड्याचा हप्ता सुरू, कमीत कमी पन्नास रुपये. किलोमागे दोन रुपये जास्त घ्यायचे, एक रुपया इथल्या अडचणीतल्या घरांसाठी आणि एक पाड्यावरच्या कोठीसाठी. त्यावर बरीच वादावादी झाली. "आपलंच भागत नाही, तिकडे कशाला?" असं दोघी-तिघी म्हणाल्या. त्यावर आमच्यातली एक जण बोलली, तिचं माहेर सुरगाण्याकडचं. आषाढात तिची आई कंद उकडून पोरांना घालायची हे तिने सांगितलं. मग कुणी विरोध केला नाही.

साठवणीला समाजमंदिराची खोली मिळतेय, पण एका भिंतीला पावसात ओल येते. लाकडी फळ्या टाकून पोती भिंतीपासून हातभर लांब ठेवली तर चालेल का? की घरोघरी लगेच वाटून टाकावं?

डोंगराकडचा, पेठ तालुका

ओल असेल तर वाटून टाका ताई. फक्त अडचणीतल्या घरांसाठीची दोन-तीन पोती कोरड्या घरात ठेवा, फळीवर, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. उडदाला एरंडेलाचा हात फिरवा, नाहीतर भुंगा लागेल. ताडपत्र्या दसऱ्याच्या आत पाठवा, करंजाळीपर्यंत एसटीत टाकल्या तरी मी उतरवून घेतो. नागली कापायला आली की इथेच लिहितो, म्हणजे तुमच्या दोघींना कधी निघायचं ते कळेल.